उसनं नेलेलं हसू

“बाई, सभा कधीच सुरू झाली. मी तुमच्यासाठी थांबलोय,” व्यवस्थापक दारातूनच म्हणाले.

बाईंच्या मांडीवर एक हरवलेली मुलगी बसली होती. रडून रडून दमलेली, आणि आता बाईंच्या स्कार्फचं टोक चोखत असलेली. बाईंनी मानेनंच ‘आत्ता नाही’ अशी खूण केली.

“तिची आई सापडलीय. चौकशीच्या खिडकीवर उभी आहे. तुम्ही चला.”

“माझं काय काम तिथं?” बाईंनी विचारलं.

विचारलं म्हणायचं, एवढंच. कोरड्या लाकडावर कानस फिरवावी तसा आवाज आला आणि शेवटचा शब्द नुसत्या हवेचाच झाला. व्यवस्थापकांना आता त्याची सवय झाली होती.

“तीच तर गंमत आहे. आधी सांगितलं तर काय राहिलं? चला तर खरं.”

बाईंना गंमत या शब्दाचा जरा धसकाच होता. लोकांनी केलेल्या गमती निस्तरण्यातच त्यांचा दिवस जायचा. पण मुलीला तिच्या आईच्या स्वाधीन करून, स्कार्फ पुन्हा गळ्याभोवती नीट गुंडाळून त्या निघाल्या.

शहराच्या कडेला असलेलं ते मनोरंजन पार्क तसं जुनं होतं. एक रोलर कोस्टर, एक आकाशपाळणा, पाण्याची घसरगुंडी, तळ्याभोवती फिरणारी छोटी आगगाडी. आणि या सगळ्यांवर एकच आवाज. “दांडा घट्ट धरा. चष्मे, टोप्या, चपला सांभाळा. भीती वाटली तर ओरडा, कुणी हसणार नाही.” हा आवाज बाईंचा. तरुणपणी त्या तिकिटाच्या खिडकीवर लागल्या होत्या. एकदा रांगेत चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली, तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी सगळ्यांना असं काही शांत केलं, की जुन्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना माईकसमोर बसवलं. कागदावर पहिली दोनच वाक्यं लिहिलेली होती. ‘कुणी हसणार नाही’ हे बाईंनी पदरचं घातलं. मालक म्हणाले, राहू दे, चांगलं वाटतंय.

ते राहिलं. मालक गेले, नवे आले, कोस्टरचा रंग तीनदा बदलला. आवाज तोच राहिला. मग बाईंच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर एका बाजूचा स्वरतंतू काढावा लागला. जीव वाचला, आवाज गेला. सौदा वाईट नव्हता, असं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगत. स्वतःला पटवणं मात्र अजून जमलं नव्हतं. पार्कनं त्यांना हरवलेल्या मुलांच्या खोलीत बसवलं. मुलांना जवळ घ्यायचं, नाव-गाव काढून घ्यायचं आणि शेजारच्या चौकशीच्या खिडकीत चिठ्ठी सरकवायची. घोषणा खिडकीवाला करायचा. बाहेर मात्र दिवसभर त्यांचाच जुना आवाज लोकांना दांडा धरायला सांगत असायचा. तो ऐकू आला की बाईंना वाटायचं, आपली एक बहीण आहे, तिकडे कामाला जाते, घरी येत नाही.

सभा उपाहारगृहाच्या सभागृहात होती. ‘पाळणेवेडे मंडळ’ असं त्या लोकांनी स्वतःच स्वतःचं नाव ठेवलं होतं. दर रविवारी येणारे, कोस्टरचं प्रत्येक वळण तोंडपाठ असलेले, एरवी चारचौघांसारखी नोकरी करणारे लोक. नव्या मालकांनी तळ्यामागची मोकळी जागा घेतली होती, आणि तिथं काय काय करावं हे या मंडळींकडून ऐकून घ्यायचं ठरलं होतं. बाई मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. “मी आठवडाभर लोकांना घाबरवते. रविवारी मला कुणीतरी घाबरवावं, एवढीच माझी अपेक्षा. पण तुमचा कोस्टर आता घरचा झालाय हो. परवा उतारावर मला जांभई आली. त्याला एक उलटा फेरा द्या.”

“उलटा फेरा नंतर,” एक निवृत्त मास्तर उठले, “आधी रांगेवर छप्पर घाला. माणूस उन्हात भाजून निघतो, मग पाळण्यात बसतो. मजा दारातच संपते.”

एक नवराबायको आले होते. त्यांची ओळख आकाशपाळण्यातच झाली होती, वरती पाळणा अडकला म्हणून. पाळणा मुद्दामच वर थोडा वेळ थांबवावा, अशी त्यांची सूचना होती. “लग्नं जुळतात,” नवरा म्हणाला. “त्याची जबाबदारी पार्क घेणार का, तेही विचार,” बायको म्हणाली, आणि सगळे हसले. एका ताडमाड मुलानं तक्रार केली, की उंची कमी म्हणून मुलांना परत पाठवता ते ठीक, पण उंची जास्त म्हणून मला का? गुडघे मावतील असा एक तरी डबा करा. व्यवस्थापक सगळ्याला मान हलवत होते. बाईंनाही ऐकता ऐकता बरं वाटायला लागलं. ही माणसं या जागेबद्दल असं बोलत होती, जसं कुणी घराला नवी खोली काढायचं बोलतं.

मग एक चष्मेवाला तरुण पुढं आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. तळ्याच्या खालून जाणारा बोगदा आणि त्यात वळणारे रूळ.

“याचं नाव ‘विवर’,” तो म्हणाला. “हा कोस्टर पूर्ण अंधारात धावेल. तुम्हाला काहीच दिसणार नाही. फक्त ऐकू येईल. आणि काय ऐकू येईल, ते मी करून आणलंय. जरा पडदे ओढा.”

पडदे ओढले. सभागृह काळोखं झालं.

“आलात? या,” बाईंचा आवाज म्हणाला. “मी तुमचीच वाट पाहत होते.”

बाईंना आधी वाटलं, वायरमननं चुकून कोस्टरचं रेकॉर्डिंग लावलं. पण हे वाक्य त्या कधी बोलल्याच नव्हत्या.

“दांडा घट्ट धरलात? धरा. आता त्याचा काही उपयोग नाही.”

आवाज त्यांचाच होता. ‘धरा’मधल्या ‘ध’वर जरासा जोर द्यायची त्यांची लकब, वाक्य संपताना श्वास सोडायची सवय, सगळं तेच. अंधारात बाईंचे ओठ आपोआप हलायला लागले, त्या शब्दांच्या मागं मागं, जणू आपणच बोलतोय आणि तोंडाला तेवढं उशिरा कळतंय. त्यांनी ओठ दाताखाली घट्ट दाबून धरले.

“ओरडा हवं तेवढं,” आवाज म्हणाला, “इथं तुमचं कोण ऐकणार?”

आणि तो हसला.

नाकातून सुरू होणारं, मध्येच अडकणारं आणि मग धरण फुटल्यासारखं बाहेर पडणारं हसू. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. माईकसमोर त्या आयुष्यात कधी हसल्या नव्हत्या. हे हसू पार्कचं नव्हतंच. हे हसू घरच्या न्हाणीघरातलं होतं. बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या मुलीला त्या पहिल्यांदा टबमध्ये बसवत होत्या, आणि त्या एवढ्याशा जिवानं पाय आपटून आजीला नखशिखांत भिजवलं होतं. तेव्हाचं. लेक दारात फोन धरून उभी होती. नंतर महिन्याभरातच गाठ निघाली. ऑपरेशननंतर बाई हसल्या की नुसती हवा निघायची, सायकलच्या चाकातून निघते तशी.

पडदे उघडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरीणबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. “अंगावर काटा आला बघा,” त्या मास्तरांना म्हणाल्या.

“आणि मंडळी, ज्यांचा हा आवाज आहे,” व्यवस्थापक पुढं होऊन म्हणाले, “त्या आज आपल्यातच बसल्यात.”

सगळ्या माना मागं वळल्या. मग एकदम गलका झाला. इतकी वर्षं ज्यांच्या सांगण्यावरून दांडे धरले, त्या बाई कशा दिसतात हे कुणालाच माहीत नव्हतं. ताडमाड मुलगा खुर्च्या ओलांडत आला आणि त्यानं माईक बाईंच्या हातात दिला.

“एकदाच म्हणा ना,” नवराबायकोतली बायको म्हणाली. “‘भीती वाटली तर ओरडा.’ आम्ही घरी एकमेकांना म्हणतो ते.”

बाईंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. त्यांनी नजर प्रतिकृतीवर नेली. म्हणजे यांनी या लोकांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

“हे हसू कुठून आणलंत?” बाई माईकमध्ये म्हणाल्या.

खरखर सभागृहभर पसरली. पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी दचकून माईककडे बघितलं आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, “वायर ढिली आहे बहुतेक.” ते उठले, बाईंपाशी आले आणि मदत म्हणून माईकवर दोन टिचक्या मारल्या. टक टक आवाज स्वच्छ आला. माईक उत्तम चालू होता. मास्तरांचा हात हवेतच राहिला.

डॉक्टरीणबाईंची नजर बाईंच्या स्कार्फवर गेली, आणि त्या हळूच खाली बसल्या.

“कुठून आणलंत?” बाईंनी पुन्हा विचारलं.

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तुमच्या मुलीनं दिलं,” तो म्हणाला. “ती आमच्या मंडळात आहे. जुनी रेकॉर्डिंग पार्ककडून मिळाली, घरची तिनं दिली, त्यावरून संगणकानं तुमचा आवाज तयार केला. आईचा घसा बरा नसतो, एवढंच म्हणाली होती. मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुम्हाला आनंद होईल.”

बाईंनी माईक खुर्चीवर ठेवला आणि त्या बाहेर पडल्या. कामावरून लवकर निघायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. चौकशीच्या खिडकीवाल्यानं हाक मारली, ती त्यांच्या कानावरच पडली नाही.

घरी लेक आलेलीच होती. नात खाली सतरंजीवर कापडी अस्वलाला झोपवत होती. स्वयंपाकघरात बाईंचे यजमान भांडी घासत होते.

“काय मग, झालं का सरप्राइज?” लेक हसतच पुढं आली, आणि आईचा चेहरा बघून थबकली.

“मला विचारलंस का?” बाई म्हणाल्या.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“मग उत्तर माहीत होतं तुला.”

लेकीला राग आला. चूक सापडली की तिला आधी राग यायचा, लहानपणापासून.

“काय वाईट केलं मी? चांगलं करायला गेले तर हे. तुझा आवाज परत मिळतोय, आई. संगणकाला काहीही सांगितलं तरी तो तुझ्या आवाजात बोलतो. तो चष्मेवाला म्हणाला, फोनमध्येसुद्धा बसवता येईल. तू नुसतं टाइप करायचंस.”

“तो लोकांना घाबरवत होता. माझ्या तोंडानं.”

“तो खेळ आहे गं. लोक पैसे देऊन घाबरायला येतात.”

“मी त्यांना कधी घाबरवलं नाही.”

“मला माहीत नव्हतं तो मुलगा तसली वाक्यं घालेल ते. पण आवाज तर तुझाच आहे ना?” लेकीचा स्वर चिरकला. “तुला नाही कळत. तू फोन करतेस ना, तेव्हा रोज पहिल्यांदा मी दचकते. रोज. वाटतं, कुणीतरी अनोळखी माणूस वाईट बातमी सांगायला फोन करतंय. मग कळतं, तू आहेस. मला ते नको झालंय. मला माझी आई हवीय.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. सभागृहात बसला तो धक्का काहीच नव्हता, असं त्यांना वाटलं. रोज संध्याकाळी त्या लेकीला फोन करायच्या. घसा गरम पाण्यानं शेकून, आधी दोनदा खाकरून, जरा बरा आवाज लागावा म्हणून. आणि पलीकडं पोर रोज दचकत होती.

तेवढ्यात सतरंजीवरून कुजबुज ऐकू आली. नात अस्वलाला थोपटत होती.

“झोप हं बाळा,” ती म्हणत होती. घशातून, खरखरत, अर्धे शब्द हवेचे. “मी आहे ना इथं.”

लेकीनं चमकून बघितलं. “हिचा घसा बसलाय का? बाबा, हिला गार काही दिलंत का?”

“घसा ठणठणीत आहे तिचा,” यजमान हात पुसत दारात आले. “आत्ता ती आजी झालीय. रोजच होते. बाळाला झोपवायचं म्हणजे असंच बोलायचं असतं, अशी तिची समजूत आहे.”

लेक खाली बसली. तिनं फोन काढला, क्षणभर थांबली, मग तो न्हाणीघरातला व्हिडिओ लावून पडदा स्वतःकडे वळवला, नुसता आवाज मुलीला ऐकू जाईल असा. फोनमधून बाईंचा भरघोस आवाज आला: “अगं लबाडे, भिजवलंस की मला सगळी.” आणि पाठोपाठ ते हसू.

“कोण आहे सांग?” लेकीनं विचारलं.

मुलीनं मान तिरकी करून ऐकलं. “बाई,” ती म्हणाली.

“कुठली बाई?”

“पाळण्यातली बाई. दांडा धरा म्हणते ती.”

“आणि आजी?”

असला सोपा प्रश्न आई का विचारते, हे काही मुलीला कळलं नाही. ती उठली, आजीपाशी गेली आणि उचलून घे म्हणून तिनं हात वर केले. बाईंनी तिला कडेवर घेतलं. मुलीनं सवयीनं स्कार्फच्या आत हात घालून तळवा त्यांच्या गळ्यावरच्या व्रणावर ठेवला. आजी बोलली की तिथं गुदगुल्या होतात, म्हणून हा तिचा नेहमीचा खेळ होता.

“बोल,” ती म्हणाली.

लेक त्या दोघींकडे बघत राहिली. फोनमधला व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तो बंद करायचंही तिला सुचलं नाही. शेवटी यजमानांनीच वाकून तो बंद केला.

“चहा टाकतो,” ते म्हणाले. “कुणी नाही म्हणू नका.”

पुढच्या रविवारी चष्मेवाला व्यवस्थापकांच्या खोलीत आला होता. समोर त्याचा लॅपटॉप. बाईंनाही बोलावलं होतं.

“ती घाबरवणारी वाक्यं काढून टाकू,” व्यवस्थापक म्हणाले. “तुम्हाला आवडतील ती घाला. मालकांना कल्पना फार पसंत पडलीय, बाई. आणि लोकांचंही तुमच्या आवाजावर प्रेम आहे, ते तर तुम्ही पाहिलंतच.”

“जे मी बोलले, ते वाजवा,” बाई सावकाश म्हणाल्या. आठवडाभर घोळवून ठेवलेलं वाक्य होतं. “पार्क असेपर्यंत वाजवा. जे बोललेच नाही, ते माझ्या तोंडी घालू नका.”

“पण विवर—”

“विवर करा. छान आहे. त्यात दुसरं कुणीतरी बोलेल.”

व्यवस्थापकांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं, हा तरी काही मनधरणी करील म्हणून. पण त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला होता.

“पुसून टाकतो,” तो म्हणाला. “सगळंच. तुमच्या समोर.”

बाईंनी मान हलवली. त्यानं बोट नेलं, आणि बाईंचा हात नकळत टेबलावर पुढं आला. इतका वेळ त्या घट्ट होत्या. ‘हो’ म्हणणं इतकं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. हे पुसलं म्हणून जग बुडणार नव्हतं, व्हिडिओ लेकीकडे होताच, तो तिचा होता, तिच्याकडेच राहणार होता. तरीसुद्धा.

“ते हसू,” त्या म्हणाल्या. “एकदा लावा.”

त्यानं लावलं. खोलीत पुन्हा एकदा ते धरण फुटलं. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले आणि नाकातून नुसती हवा बाहेर पडायला लागली. व्यवस्थापकांना वाटलं, रडतायत. ते पाण्याचा ग्लास शोधायला उठले. चष्मेवाल्याला मात्र कळलं. तो बघत राहिला.

“हं,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “आता पुसा.”

दुपारी पार्कात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणीतरी एक मुलगा आणून सोडला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. नाव विचारलं तर म्हणाला, गुंड्या. खरं नाव विचारलं तर म्हणाला, गुंड्याच. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि खिडकीकडे गेल्या. खिडकीवाला जागेवर नव्हता. पुढं लोकांची ही गर्दी, कुणी तिकिटाचं विचारतंय, कुणी पाण्याचं. माईक तिथंच होता, लाल बटण वर.

ऑपरेशननंतर त्यांनी या माईकला कधी हात लावला नव्हता. गुंड्या त्यांच्या मागोमाग आला होता आणि त्यानं हुंदका द्यायला तोंड वाकडं केलं होतं.

बाईंनी बटण दाबलं.

“एक मुलगा सापडलाय,” त्या म्हणाल्या. कर्ण्यांमधून घोगरी खरखर झाडांवरून, रांगांवरून, तळ्यावरून गेली. खिडकीसमोरची माणसं बोलायची थांबली. एका बाईनं कानावर हात ठेवला. “नाव गुंड्या. एका पायात बूट. चौकशीच्या खिडकीपाशी आहे. घाबरलेला नाही.” मग त्यांनी दम घेतला. “गुंड्या,” त्यांनी पुन्हा सांगितलं.

थोड्या वेळानं एक बाई गर्दीतून वाट काढत, धापा टाकत आली. तिच्या हातात दुसरा बूट होता. तिनं पोराला आधी एक धपाटा घातला आणि मग उराशी धरलं.

“काय तुमचे हे कर्णे,” ती बाईंना म्हणाली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. “धड काही ऐकू येत नाही. नुसती घरघर. त्यातून ह्याचं नाव तेवढं कळलं.”

“तेवढंच कळायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

गुंड्याची आई एकदम त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. पण बाई एव्हाना जमिनीवर बसल्या होत्या आणि गुंड्याचा पाय मांडीवर घेऊन, मोजा सरळ करून, त्याच्या बुटाची नाडी बांधत होत्या.